फ्रेंच रोजनिश्या वाचायच्या आहेत? आधी कात्री कोणाच्या हातात होती ते बघा

फ्रेंच साहित्य म्हटलं की आपल्याकडचा वाचक कादंबरीकडे वळतो, फार तर कवितेकडे. खासगी रोजनिशी हा त्या भाषेतला चांगला दोनशे वर्षं मुरलेला साहित्यप्रकार आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ज्यांना माहीत असतं, त्यांच्यातले निम्मेअधिक एखादा जाडजूड खंड आणतात, पहिल्या पानापासून नेटाने सुरुवात करतात आणि चाळिसाव्या पानाच्या आसपास पुस्तक मिटवतात. दोष त्यांचा नाही. रोजनिशी कादंबरीसारखी वाचायला घेतली की दुसरं काय होणार! पुढे जे लिहिलंय ते अशा नव्या वाचकासाठी. फ्रेंच येत नसेल तरी अडत नाही, बहुतेक महत्त्वाच्या रोजनिश्यांचे इंग्रजी अनुवाद आहेत.

पायरी पहिली: हातात काय आहे ते ओळखा

तारखा घातलेली प्रत्येक वही साहित्याच्या अर्थाने रोजनिशी नसते. सोळाव्या लुईची वही प्रसिद्धच आहे. १४ जुलै १७८९, क्रांतीत पॅरिसचा बास्तीय (बॅस्टिल) हा तुरुंग पडला तो दिवस, आणि राजाने लिहिलंय: ‘काही नाही’. यावरून त्याच्या बेफिकिरीचे दाखले आजही दिले जातात. पण ती वही मुख्यतः शिकारीची होती. त्या दिवशी शिकार झाली नाही, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. जुन्या फ्रेंच घराण्यांतही अशा वह्या असत: जमाखर्च, जन्ममृत्यू, पीकपाणी. पेशवे दप्तरातल्या रोजनिश्या ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हा कारभारी सूर लगेच ओळखू येईल. स्वतःच्या मनाची झाडाझडती घेणारी वही फ्रान्समध्ये ठळकपणे दिसू लागते ती १८००च्या आगेमागे. मेन द बिराँ, बेंजामिन काँस्ताँ, स्तांदाल ही त्या पहिल्या पिढीतली नावं.

दुसरी गल्लत होते ती आत्मचरित्राशी. आत्मचरित्र लिहिणारा मागे वळून बघत असतो, गोष्ट कुठे संपते ते त्याला ठाऊक असतं. रोजनिशीकाराला उद्याचा पत्ता नसतो, आणि या प्रकाराची सगळी गंमत त्यातच आहे.

गाँकूर बंधूंच्या रोजनिशीत याचा अस्सल नमुना सापडतो. एदमाँ आणि ज्यूल या दोघा कादंबरीकार भावांच्या घरी रोझ नावाची मोलकरीण होती, ज्यूल लहान असल्यापासूनची. ऑगस्ट १८६२मध्ये ती वारली. दोघांनी लिहिलेलं वाचलं तर घरातलं मायेचं माणूस गेल्याचा शोक आहे: तिने काढलेली आजारपणं, तिची भाबडी निष्ठा. पुढच्या काही दिवसांतच त्यांना कळतं की या बाईचं एक वेगळंच आयुष्य चालू होतं. प्रियकर होते, त्यांच्यावर पैसा उधळलेला होता, डोक्यावर कर्ज होतं, दारू होती, आणि पैसा कमी पडला की मालकांच्याच घरात हात मारलेला होता. दोघे भाऊ हादरून हेही लिहून ठेवतात. मात्र आधीच्या नोंदीला हात लावत नाहीत. शोक तसाच राहतो आणि त्याच्या पाठोपाठ उलगडा येतो. याच हकिकतीवरून त्यांनी ‘जेर्मिनी लासर्तो’ ही कादंबरी लिहिली, ती १८६५मध्ये निघाली. कादंबरीत लेखकाला पहिल्या पानापासून सगळं ठाऊक आहे, आणि तिथेच ती रोजनिशीच्या त्या चार-सहा पानांपुढे मला फिकी वाटते.

पायरी दुसरी: पहिलं पुस्तक जपून निवडा

यादीत सगळ्यांत वर जिनिव्हाच्या अमिएलचं नाव असतं. १८३९ ते १८८१ या काळात त्याने जवळपास सतरा हजार पानं लिहिली. लग्न करावं की करू नये, पुस्तक लिहावं की लिहू नये, अशा घोळात आयुष्य गेलं आणि त्या घोळाची नोंद हेच त्याचं मोठं काम ठरलं. माणूस विलक्षण आहे. पण सुरुवात त्याच्यापासून करू नका, नाकी नऊ येतील. पॉल लेओतोच्या एकोणीस खंडांनाही तूर्तास लांबूनच नमस्कार.

सुरुवात एलेन बेरपासून करा. पॅरिसमधल्या ज्यू कुटुंबातली, सॉर्बोनमध्ये इंग्रजी साहित्य शिकणारी मुलगी. पहिली नोंद ७ एप्रिल १९४२ची, पॅरिस नाझींच्या ताब्यात असतानाची. कवी पॉल व्हालेरीकडे तिने आपली प्रत सहीसाठी ठेवली होती, ती घ्यायला ती त्याच्या इमारतीच्या रखवालदारणीकडे जाते. पुस्तकावर व्हालेरीने सकाळच्या कोवळ्या प्रकाशाबद्दल एक ओळ लिहून दिलेली आहे. पोरीचा आनंद गगनात मावत नाही. दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, ज्यूंना कपड्यांवर पिवळी चांदणी लावण्याची सक्ती होते, आणि ती लावून घराबाहेर पडायचं की नाही यावर ती स्वतःशी वाद घालते. रस्त्यातली माणसं कशी बघतात, कोण हसतं, कोण नजर चुकवतं, हे सगळं त्या पानांत आहे. शेवटची नोंद १५ फेब्रुवारी १९४४ची. मार्चमध्ये तिला अटक झाली, तेविसाव्या वाढदिवशी गाडीत घालून नाझी छावणीकडे तिची रवानगी झाली आणि एप्रिल १९४५मध्ये बेर्गन-बेल्झनच्या छावणीत ती वारली. लिहिलेली पानं ती घरच्या स्वयंपाकीणबाईंकडे सोपवत असे, वाग्दत्त वरापर्यंत पोचवण्यासाठी. पुस्तक निघालं २००८मध्ये. डेव्हिड बेलॉस यांचा इंग्रजी अनुवाद त्याच वर्षीचा आहे आणि चांगला आहे.

युद्धाचं वाचायचं नसेल तर लेखक ज्यूल रनार. १८८७ ते १९१० एवढा काळ, पण नोंदी दोन-चार ओळींच्या, तिरकस आणि नेमक्या. हे पुस्तक कुठेही उघडावं. त्याची शेवटची नोंद ६ एप्रिल १९१०ची: रात्री उठायचं होतं पण अंग जड झालेलं, एक पाय पलंगाबाहेर लोंबतोय, आणि पायावरून ओघळ खाली येतोय. तो टाचेपर्यंत पोचला की मग उठायचं ठरवू, असं तो लिहितो. चादरीत वाळून जाईल, लहानपणी वाळायचं तसं. मरायला टेकलेला माणूस स्वतःच्या फजितीकडे इतक्या थंड डोक्याने बघतो, हे वाचून मला आजही अवाक व्हायला होतं.

पायरी तिसरी: कात्री शोधा

नवा वाचक सगळ्यांत जास्त फसतो तो इथे, म्हणून जरा थांबू.

वही आणि पुस्तक यांच्यामध्ये नेहमी कोणीतरी उभं असतं. भाऊ, बायको, मित्र, प्रकाशक, वकील, कधी खुद्द लेखक. तुम्ही वाचता ते त्या माणसाने मागे ठेवलेलं. त्यामुळे मजकुराआधी प्रस्तावना आणि संपादकाची टीप वाचा आणि तीन गोष्टी कागदावर टिपून ठेवा: लिहिलं कधी, छापलं कधी, आणि मधल्या काळात वही कोणाच्या ताब्यात होती.

मारी बाश्किर्तसेफचं उदाहरण घ्या. युक्रेनमध्ये जन्मलेली, फ्रान्समध्ये वाढलेली, फ्रेंचमध्ये लिहिणारी चित्रकार. १८८४मध्ये क्षयाने गेली तेव्हा पंचविशीत होती. मरण्याच्या काही महिने आधी तिने स्वतःच प्रस्तावना लिहून ठेवली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: जगले तर मोठी चित्रकार होईन, लवकर मेले तर ही वही छापा, ती रंजक असणारच. १८८७मध्ये आंद्रे तरिए यांनी संपादित केलेले दोन खंड निघाले आणि युरोपभर गाजले. त्या पुस्तकात घरच्या भानगडी गाळलेल्या होत्या, भाषा सोवळी केलेली होती, आणि तिचं वयसुद्धा कमी करून दाखवलेलं होतं. प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जे वाचलं गेलं, ते घरच्यांनी धुऊन-पुसून बाहेर ठेवलेलं रूप होतं. मूळ वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि त्यांवरून सोळा खंडांची पूर्ण आवृत्ती निघायला १९९५ ते २००५ एवढा काळ लागला.

रनारच्या बाबतीत तर दादच मागता येत नाही. त्याची रोजनिशी १९२५ ते १९२७ या काळात छापली गेली ती बायकोने नको तो भाग काढून टाकल्यावर, आणि मूळ वह्या नष्ट झाल्या. काय गेलं ते कधीच कळणार नाही.

गाँकूरांची कथा वेगळी. ज्यूल १८७०मध्ये गेल्यावर एदमाँने एकट्याने लिखाण चालू ठेवलं आणि १८८७पासून स्वतःच नऊ खंड छापले. म्हणजे जेवणाच्या टेबलावर जे ऐकलं ते बोलणारे हयात असतानाच छापून मोकळा! विचारवंत रनाँ तर भडकलाच. तरीही ही गाळून घेतलेली आवृत्ती होती. उरलेला मजकूर मृत्यूनंतर वीस वर्षांनी उघडावा अशी एदमाँची इच्छा होती. अब्रूनुकसानीच्या धास्तीने तो आणखी कितीतरी वर्षं कुलपात राहिला आणि पूर्ण पाठ निघाला तो १९५६पासून पुढे, मोनॅकोत.

कादंबरीकार आंद्रे जीदने १९३९मध्ये आपली रोजनिशी ‘प्लेयाद’ या मानाच्या मालेत छापली. हयात लेखकाला त्या मालेत जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ. पत्नी मादलेनबद्दलची पानं मात्र त्याने बाजूला काढली होती. ती सर्वांसाठी छापली गेली १९५१मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर. ही पानं समोर नसताना जीदचं लग्न समजून घ्यायचा प्रयत्न करणं व्यर्थ आहे. कादंबरीकार ज्युलियाँ ग्रीनच्या वाचकांनाही असाच धक्का बसला. १९३८पासून खंडामागून खंड वाचत आले, आणि २०१९मध्ये न गाळलेला पाठ निघू लागल्यावर त्यांना कळलं की त्या भाविक, संयत माणसाच्या वहीत शरीराच्या ओढीबद्दल किती उघड लिहिलेलं होतं.

व्यवहाराची गोष्ट म्हणून हे लक्षात ठेवा: इंटरनेटवर फुकट मिळते ती आवृत्ती बहुधा जुनी, म्हणजे कात्री लागलेली असते. स्वामित्वहक्क संपलेला असतो तो पहिल्या छापील पुस्तकाचा. बाश्किर्तसेफचे फुकट मिळणारे इंग्रजी अनुवाद १८८७च्या त्या धुतलेल्या पाठावरून केलेले आहेत. अमिएलचा मिसेस हम्फ्री वॉर्ड यांचा अनुवादही मृत्यूनंतर काढलेल्या निवडक दोन खंडांवरून आहे, अमिएलचा पूर्ण पाठ बारा खंडांत यायला १९९४ उजाडलं. जुनं वाचू नये असं नाही. काय वाचतोय ते माहीत असावं, इतकंच.

पायरी चौथी: वाचणारा कोण, हे विचारा

‘रोजनिशी स्वतःसाठी लिहितात’ हे वाक्य फार भोळेपणाने घेतलं जातं. चित्रकार देलाक्रवा ३ सप्टेंबर १८२२ला पहिल्याच नोंदीत बजावतो की हे फक्त माझ्यासाठी आहे. स्वतःला असं बजावावं लागतं, यातच सगळं आलं.

युजेनी द गेराँने १८३४मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ल कायला या गढीवजा घरात वही सुरू केली ती धाकट्या भावासाठी. मोरिस पॅरिसला होता आणि वह्या भरल्या की त्याच्याकडे जायच्या. घरातली कामं, चुलीपुढचे विचार, पक्षी, प्रार्थना, सगळं ‘तुला सांगते’ या सुरात. जुलै १८३९मध्ये मोरिस गेला. बाईंनी लिहिणं थांबवलं नाही, वर गेलेल्या मोरिसला उद्देशूनच पुढे लिहीत राहिल्या. या वळणाच्या अलीकडची चार आणि पलीकडची चार पानं शेजारी ठेवून वाचा.

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मुलींच्या वह्यांचा किस्सा याच्या उलटा आहे. चांगल्या घरांत मुलीला वही लिहायला लावत, शिस्त आणि भाषा सुधारावी म्हणून, आणि ती आई किंवा शिक्षिका तपासत असे. फिलिप लजन या अभ्यासकाने १९९३मध्ये या मुलींवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. आईच्या नजरेखाली लिहिणारी मुलगी कुठे गप्प बसते, ते तिथे बघण्यासारखं आहे.

काळाची एक रेघ इथे आखून घ्या. १८८०च्या दशकात अमिएल, बाश्किर्तसेफ, गाँकूर आणि १८८८मध्ये स्तांदाल अशा वह्या एकामागून एक छापून आल्या. त्यानंतर रोजनिशी लिहायला बसलेल्या कुठल्याही फ्रेंच लेखकाला हे उद्या छापलं जाऊ शकतं याची जाणीव होती. त्या रेघेअलीकडची आणि पलीकडची वही एकाच भरवशाने वाचता येत नाही.

पायरी पाचवी: एक वर्ष निवडा, आणि रिकाम्या तारखाही वाचा

पूर्ण खंड वाचायचा हट्ट सोडा. एक वर्ष घ्या, ते नीट वाचा. देलाक्रवाचं १८४९ घ्या. ७ एप्रिलला तो संगीतकार शोपँसोबत घोडागाडीतून फेरफटका मारतो आणि संगीतात तर्कशास्त्र कशाला म्हणायचं असं विचारतो. आजाराने खंगलेला शोपँ त्याला काउंटरपॉइंट आणि फ्यूग, म्हणजे अनेक सुरावटी एकत्र गुंफायच्या पद्धती, समजावून सांगतो. ऑक्टोबरात शोपँ गेला. एप्रिलची नोंद लिहिणाऱ्याला ते ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे.

रिकामी जागाही मजकूरच असते. देलाक्रवाने १८२४मध्ये वही बंद केली ती १८४७मध्ये उघडली, मधली दोन तपं कोरी. एलेन बेरने नोव्हेंबर १९४२ ते ऑगस्ट १९४३ लिहिलंच नाही. वाग्दत्त वर निघून गेला होता, आणि पुन्हा लेखणी उचलली तेव्हा लिहिण्याचा हेतू बदललेला होता: आता साक्ष ठेवायची होती. पहिल्या भागातल्या मुलीचा आवाज दुसऱ्या भागात शोधून बघा.

आणि काँस्ताँचे आकडे! १८०५च्या सुमारास या गृहस्थाने लांबलचक नोंदींना कंटाळून स्वतःपुरती सांकेतिक भाषा तयार केली. १ म्हणजे शरीरसुख. २ म्हणजे ‘माझं कायमचं बंधन’ तोडायची इच्छा, हे बंधन म्हणजे लेखिका मादाम द स्ताल. ३ म्हणजे त्याच बंधनाकडे परत ओढलं जाणं. ४ काम. ७ प्रवासाचे बेत, ८ लग्नाचे बेत. १३ म्हणजे सगळ्याच बाबतीत अनिश्चितता. कागदावर आकड्यांचं कोष्टक करून चार आठवड्यांच्या नोंदी त्यात भरून बघा. २ आणि ३ यांची फुगडी कशी चालते ते दिसेल, आणि त्याची ‘अदोल्फ’ ही कादंबरी कुठून आली तेही.

पायरी सहावी: एकाच प्रसंगाची दोन पुस्तकं शेजारी ठेवा

लेखिका अ‍ॅनी अर्नो यांच्याइतकी सोय कोणी केलेली नाही. पॅरिसमधल्या एका सोव्हिएत अधिकाऱ्याशी असलेल्या संबंधांवर त्यांनी १९९१मध्ये ‘पासिओं सँप्ल’ हे छोटं, घट्ट पुस्तक लिहिलं. २००१मध्ये त्याच काळातली रोजनिशी ‘स पेर्द्र’ नावाने छापली. इंग्रजीत दोन्ही मिळतात: ‘सिंपल पॅशन’ आणि ‘गेटिंग लॉस्ट’. आधी पहिलं, मग दुसरं. पहिल्यात जे तोलून-मापून आलंय ते दुसऱ्यात फोनची वाट बघत तळमळत पडलेलं आहे. साहित्य म्हणून कोणतं वरचढ, यावर वाचकांचं एकमत होत नाही. माझा कौल रोजनिशीला, जरी ती मधेमधे अगदी जीव नकोसा करते.

फ्रेंच शिकत असाल तर

मुंबई-पुण्यात बरेच विद्यार्थी अलियाँस फ्राँसेझमध्ये किंवा कॉलेजात फ्रेंच शिकतात. त्यांनी रनारच्या दिवसाला दोन नोंदी घ्याव्यात. वाक्यं छोटी, शब्द रोजचे. रोजनिशीत ‘मी’ हा कर्ता पुष्कळदा गाळलेला असतो, वाक्य थेट क्रियापदाने सुरू होतं. पाठ्यपुस्तकात हे शिकवत नाहीत, म्हणून आधी अडखळायला होतं. नावांची आद्याक्षरंही डोकं खातात, तळटीपा असलेली आवृत्तीच घ्या. व्याकरणाचा धसका असेल तर अठरा वर्षांचा स्तांदाल वाचा. १८ एप्रिल १८०१ला मिलानमध्ये त्याने वही सुरू केली आणि तिथल्या तिथेच कबूल केलं की यात एक चूक झालेलीच आहे, आणखी पुष्कळ होतील, कारण मी संकोच करणार नाही आणि कधी खोडणार नाही.

मिळवायचं कुठून

फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या मोफत आहेत. देलाक्रवासाठी मात्र मिशेल अनुश यांची २००९ची आवृत्ती वाचनालयात मिळाली तर तीच बघा. गाँकूरांसाठी रॉबर्ट बाल्डिक यांचं एका खंडाचं इंग्रजी निवडक पुस्तक नवख्याला पुरेसं आहे. इथे कात्री लागलेली आहे खरी, पण पूर्ण पाठावरून निवड केलेली आहे. समीक्षक रोलाँ बार्थने आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, २६ ऑक्टोबर १९७७पासून, कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहिलेल्या नोंदीही इंग्रजीत मिळतात. एका संध्याकाळचं वाचन आहे, पण एका संध्याकाळी उरकू नये.

प्रसिद्ध लेखकांचा कंटाळा आला की ल्यों शहराजवळच्या आंबेरियू-आँ-ब्यूजे या गावाकडे वळा. लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये स्थापन केलेली संस्था तिथे सामान्य माणसांच्या छापल्या न गेलेल्या रोजनिश्या, आठवणी आणि पत्रं जमा करून घेते. दाखल झालेली वही संस्थेचे सभासद वाचतात आणि तिच्यावर एक छोटं टिपण लिहितात. ही टिपणं ‘गार्द-मेमुआर’ नावाच्या सूचीत छापली जातात. फ्रेंच बऱ्यापैकी येत असेल तर आधी ती चाळा. नाव नसलेल्या कुठल्या वहीत शिरायचं ते तिथूनच ठरवता येतं.